बातमीआधी मथळा

सकाळी ६. पालघर स्टेशनबाहेर पेपरचे गठ्ठे सुटतात. काल मी पाठवलेलं ‘किनाऱ्यावरच्या गावांचा मोर्चा’ आज ‘बंदरविरोधकांचा मोर्चा’ होऊन आलंय. खालचा मजकूर जसाच्या तसा, पण तो वाचतंय कोण!

१०. कोळगाव, जिल्हा मुख्यालय. हातात प्रसिद्धिपत्रक पडतं. वाढवण बंदर, ७६,२२० कोटी, ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’. आम्हा वार्ताहरांची एक खोड इथेच दिसते. सरकारचा ‘महत्त्वाकांक्षी’ बातमीत उघडा जातो, जणू ती मोजून घेतलेली गोष्ट. आंदोलकांचा ‘विनाशकारी’ मात्र अवतरणचिन्हांत, शेवटी ‘असा आरोप’. दोन्ही विशेषणंच, पण एकाला खुर्ची, दुसऱ्याला पिंजरा.

दुपारी १२. बोईसर, तारापूर एमआयडीसी. कारखान्यात आग. गेटवर ‘किरकोळ’ हा शब्द तयार असतो. आतलं कुणी बोलत नाही. चार ओळी.

३. वरोर, किनाऱ्यावरचं गाव. इथे बसलं की ‘विरोधक’ हा एक माणूस नाही हे कळतं. मच्छीमार आहेत, बागायतदार आहेत, घरी डाय (साचे) घडवणारे कारागीर आहेत. प्रत्येकाचं दुखणं निराळं. बंदराविरुद्ध लढणाऱ्या संघर्ष समितीच्या नावातच ‘विरोधी’ आहे, हेही खरं; ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा त्यांचीच. पण स्वतः घेतलेलं नाव आणि दुसऱ्याने चिकटवलेलं नाव यांचं वजन सारखं नसतं. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने इथल्या बंदराला नकार दिला होता. न्यायमूर्ती धर्माधिकारी तेव्हा अध्यक्ष होते. त्या नकारासाठी त्यांना ‘विकासविरोधी’ ठरवायला बरंच धाडस लागलं असतं. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजनही झालं.

मासळी निवडता निवडता मावशी म्हणाल्या, “भाऊ, दर वेळी आम्हालाच विचारता, विरोध का? १,४४८ हेक्टर भराव टाकल्यावर मासळी कुठे जाणार, ते त्यांना विचारलंत का?” नव्हतं विचारलं. ‘विरोधक’ लिहिलं की प्रश्न आपोआप एकाच बाजूला वळतात.

५.३०. मुंबईहून एका वाहिनीचा फोन. त्यांना ‘साधूंचं पालघर’ हवंय. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचल्यात चोरांच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. भीषणच. पण तेव्हा काही वाहिन्यांनी त्याला धर्माचा रंग दिला. अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुखांना जाहीर करावं लागलं. खुलासा मागेच राहिला, रंग पुढे गेला. चर्चा अफवेवर आणि पोलिसांच्या अपयशावर व्हायला हवी होती.

रात्री ९.३०. डेस्कला फोन.
“सर, ‘बंदरविरोधक’ नको.”
“अरे, दोन कॉलमांत दुसरं काय मावतं?”
यात कट वगैरे काही नाही, जागेची अडचण. मग मी म्हटलं, निदान ‘महत्त्वाकांक्षी’लाही अवतरणचिन्हं द्या.
“आणि उद्या जाहिरातवाल्यांचा फोन आला की तू उचलशील?”
शेवटी ‘महत्त्वाकांक्षी’ आणि ‘विनाशकारी’ ही दोन्ही विशेषणं काढायचं ठरलं. बातमीत थोडी जागा झाली, तिथे भरावाचे हेक्टर बसले.