ज्यू ग्रंथांचा इतिहास : मराठी अभ्यासकाला खुले असलेले दालन

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव आहे. शेकडो वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. त्या जहाजाबरोबर त्यांचे धर्मग्रंथही बुडाले. पुढे कित्येक पिढ्या हा समाज ग्रंथांवाचून जगला. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली' ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना मुखोद्गत ठेवून होते. ग्रंथ गमावलेल्या या समाजाने एकोणिसाव्या शतकात ग्रंथ पुन्हा मिळविले, आणि तेही मराठीत. ही घटना मराठी मुद्रणाच्या इतिहासाचा जशी भाग आहे, तशीच ती जगभरच्या ज्यू ग्रंथेतिहासाचाही भाग आहे.

ग्रंथेतिहास म्हणजे काय?

ग्रंथात काय लिहिले आहे, हे साहित्याचा अभ्यासक पाहतो. ग्रंथ कोणी लिहून काढला, कोणी छापला, कागद कोठून आला, खर्च कोणी सोसला, तो कोणाच्या हाती गेला आणि शेवटी त्याचे काय झाले, हे ग्रंथेतिहासाचा अभ्यासक पाहतो. देशोदेशी विखुरलेल्या ज्यू लोकांच्या बाबतीत या प्रश्नांना विशेष महत्त्व आहे, कारण त्यांच्याबरोबर त्यांचे ग्रंथही देशांतर करीत राहिले.

हिब्रू मुद्रणाचा आरंभ इटलीत झाला. छापल्याची तारीख असलेले सर्वांत जुने हिब्रू पुस्तक १४७५ मधील असून ते रेज्जो दि कालाब्रिया या गावी छापले गेले. संपूर्ण हिब्रू बायबल १४८८ मध्ये सोन्चिनो येथे प्रथम छापून निघाले. व्हेनिसमध्ये दानिएल बोम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण तालमूद छापले. मध्ये मूळ मजकूर आणि दोन्ही बाजूंस भाष्ये, ही त्या आवृत्तीची मांडणी आजच्या तालमूदच्या प्रतींतही दिसते. त्यानंतर तीसच वर्षांनी, १५५३ मध्ये, रोममध्ये तालमूदच्या प्रती जाळण्यात आल्या. ज्या हिब्रू पुस्तकांना जीवदान मिळाले, त्यांतील अनेकांवर तपासनिसांच्या सह्या आणि शाईने खोडलेल्या ओळी आजही आढळतात. पुस्तकाचा देह हाच अशा रीतीने इतिहासाचा साक्षीदार ठरतो.

कैरोची कोठी आणि भारत

ईश्वराचे नाव असलेला कागद टाकून द्यावयाचा नाही, असा ज्यू धर्माचा दंडक आहे. जीर्ण ग्रंथ एका बंद जागेत ठेवतात आणि पुढे दफन करतात. अशा जागेस 'गनिझा' म्हणतात. कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगमधील गनिझात शतकानुशतके साठलेले कागद सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये केंब्रिजला नेले. तेथील संग्रहात आज सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे आहेत. त्यांत धर्मग्रंथांच्या पानांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रेही आहेत. बाराव्या शतकात मंगळूर येथे राहून व्यापार करणाऱ्या अब्राहाम बेन यिजूची पत्रे त्यांतच मिळाली. त्याला एडनहून त्याचे मित्र इतर वस्तूंबरोबर लिहिण्यासाठी कागदही पाठवीत असत. अशा एका क्षुल्लक वाटणाऱ्या उल्लेखातून कागदाच्या व्यापाराचा धागा हाती लागतो.

मराठीतील हिब्रू परंपरा

डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. परंतु त्यांच्या शाळांतून शिकलेल्या बेने इस्रायल तरुणांनी ते ज्ञान स्वधर्माच्या अभ्यासासाठी वापरले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचे 'हग्गादा' हे पुस्तक १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह मुंबईत शिळाछापावर निघाले. हिब्रू खिळे दुर्मिळ असताना हाताने लिहून दगडावर उतरविण्याची ही पद्धत सोयीची होती. हिब्रू उजवीकडून डावीकडे आणि मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही भाषा एकाच पुस्तकात बसविणे हे कौशल्याचे काम होते.

१८७४ मध्ये पुण्यात निघालेली हग्गादाची सचित्र आवृत्ती प्रसिद्ध आहे. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या आहेत. धर्मग्रंथ यहुद्यांचा आणि घर महाराष्ट्रातले, असा हा संगम आहे.

या कार्यात जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांचे स्थान मोठे आहे. मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या नावाच्या विद्यालयाचे ते अनेक वर्षे मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. हिब्रू प्रार्थनाग्रंथांचे त्यांनी मराठीत भाषांतर केले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ मध्ये पुरा केला. तो छापून निघाला मात्र १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. १८८० च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली आणि त्यांच्या पुस्तिकाही निघाल्या. त्याच शतकात मुंबईतील बगदादी ज्यूंचे वृत्तपत्र हिब्रू लिपीतील अरबी भाषेत निघत होते. एकाच शहरात दोन निराळ्या भाषांची मुद्रणपरंपरा नांदत होती.

या बगदादी ससून घराण्यातील डेव्हिड सॉलोमन ससून यांचा जन्म १८८० मध्ये मुंबईत झाला. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी हिब्रू हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला व १९३२ मध्ये त्याची दोन खंडांची सूची प्रसिद्ध केली. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचे, जवळजवळ संपूर्ण असे बायबलचे एक हस्तलिखित त्यांच्या नावाने ओळखले जाते. २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात ते ३ कोटी ८१ लक्ष डॉलरला विकले गेले आणि आता ते तेल अवीवच्या संग्रहालयाकडे गेले आहे.

अभ्यासास आरंभ कसा करावा?

विद्यार्थ्याने प्रथम पुस्तकाचे मुखपृष्ठ वाचावयास शिकावे. हिब्रू वर्ष अक्षरांनी लिहितात व प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते. ताव ४००, रेश २००, लामेद ३० आणि दालेत ४ यांची बेरीज ६३४ होते. पाच हजार अध्याहृत असल्याने वर्ष ५६३४ समजावयाचे. त्यातून ३७६० वजा केले की १८७४ हा इसवी सन मिळतो. हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्यामुळे वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या काळासाठी मात्र ३७६१ वजा करावे लागतात.

यानंतर साधनांकडे वळावे. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यानुसार मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या निघत. त्यांत मुद्रक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या व किंमत यांची नोंद असे. शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची 'मराठी ग्रंथसूची' आणि अ. का. प्रियोळकर यांचा भारतातील मुद्रणावरील इंग्रजी ग्रंथ हे नित्य हाताशी असावेत. मुंबईत राज्य पुराभिलेखागार, एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथे शोध घेता येईल. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह आहे.

उच्च अभ्यासासाठी जेरुसलेमचे हिब्रू विद्यापीठ व ऑक्सफर्डचे ज्यू अध्ययन केंद्र आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे कॅट्झ केंद्र दरवर्षी एक विषय ठरवून संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते. ज्यांना परदेशी जाणे शक्य नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'केतीव' या प्रकल्पात जगभरची हिब्रू हस्तलिखिते संगणकावर पाहता येतात. 'फूटप्रिंट्स' या प्रकल्पात एकेका ज्यू पुस्तकाचा गावोगावचा प्रवास नोंदविला जातो. प्राचीन हिब्रू भाषा काही ख्रिस्ती धर्मशास्त्र महाविद्यालयांतून शिकविली जाते.

वेळ थोडा आहे

परदेशातील विद्वानांना हिब्रू येते. पण मराठी जाणणारे त्यांच्यात फार थोडे आहेत. वर्गणीदारांच्या यादीतील पेणकर, किहीमचे केहीमकर किंवा दिवेआगरचे दिवेकर कोण, हे त्यांना सहज उमगणार नाही. कोकणातील मराठी विद्यार्थ्याला ते उपजतच कळते. हा आपला लाभ आहे, तशीच ही आपली जबाबदारीही आहे.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. मागे राहिलेली पुस्तके काही सिनेगॉगांत, काही घरांच्या माळ्यांवर आहेत. कोकणच्या दमट हवेत जुना कागद झपाट्याने जीर्ण होतो, आणि जीर्ण पोथीचे धर्माज्ञेप्रमाणे दफन झाले की तिच्याबरोबर तिचा इतिहासही मातीत जातो. त्या श्रद्धेचा पूर्ण मान राखून, दफनापूर्वी मुखपृष्ठाचे, मालकाच्या सहीचे आणि समासातील टिपांचे छायाचित्र घेऊन ठेवणे शक्य आहे. त्यास मोठा निधी लागत नाही. कुटुंबाची अनुमती, एक वही आणि थोडा धीर एवढे पुरे आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला राज्यात अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. संख्येने लहान असलेल्या या समाजाने मराठीला दिलेले ग्रंथधन मात्र लहान नाही. एकदा समुद्रात बुडालेले ग्रंथ ज्यांनी मराठीच्या आधाराने परत मिळविले, त्यांचे ग्रंथ दुसऱ्यांदा हरवू नयेत, यासाठी रायगड, ठाणे, मुंबई आणि पुणे येथील महाविद्यालयांनी व ग्रंथालयांनी आपापल्या परिसरातील एकेका पुस्तकाची नोंद करण्यास आरंभ करावा.