संशोधकांच्या हाताखालची माणसं

१८९६ साली प्लेगवर लस शोधायला वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांच्या मदतीला होते एक कारकून आणि तीन शिपाई. पुढच्या जानेवारीत लस तयार झाली, पहिली टोचून घेतली ती हाफकिन यांनीच. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. आज तिथे हाफकिन यांचं नाव आहे. त्या चौघांची मात्र आपल्याकडे नुसती संख्या.

कापसाची गोष्ट अशीच. कॉटन ग्रीनच्या बाजारात माल पारखणारा जाणकार चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून पुन्हा पुन्हा ओढायचा, तंतू सरळ झाले की लांबीचा अंदाज सांगायचा. गासड्यांचे भाव त्यावर ठरत. ही पारख संशोधनात कुणी धरत नाही, का कोण जाणे! १९२४ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने जवळच माटुंग्याला प्रयोगशाळा काढली. शेती खात्याने काढलेल्या नव्या वाणाचा थोडासा कापूस तिथे येई. मग तंतू मोजायचे, सूत कातायचं, किती बारीक नंबरापर्यंत ते टिकतं ते पाहायचं. अहवालावर सही शास्त्रज्ञाची. पण साच्यावर तुटलेला धागा सांधायला सरावलेला हातच लागणार.

१९३३ साली मुंबईत रासायनिक तंत्रज्ञानाचा विद्यापीठ विभाग निघाला, पुढे तोही माटुंग्यातच आला. १९५२ मध्ये परळला डॉ. वसंत खानोलकरांच्या पुढाकाराने कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथल्या कमल रणदिवे यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि १९७३ साली मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. संघटना काढावी लागली यातच सगळं आलं. १ एप्रिल २०१८ च्या सरकारी मोजणीत देशभर संशोधन-विकासाच्या कामावर ५.५२ लाख माणसं होती. त्यातली जेमतेम ६२ टक्के प्रत्यक्ष संशोधन करणारी, बाकीची सहायक आणि कार्यालयीन. थेट संशोधनात बायका १६.६ टक्के.

दरम्यान मुंबईच्या कापड गिरण्या बंद पडल्या, जागेला सोन्याचे भाव आले. परळचं कर्करोग संशोधन २००२ मध्ये खारघरला गेलं. कापसाची प्रयोगशाळा माटुंग्यातच राहिली, आता केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या नावाने.