नाल, जॉकीची टोपी आणि दौत

शिरड शहापूरला एका स्नेह्यांच्या माडीवर जुनी दौत दिसली. खाली घोड्याचा नाल, टाक टेकवायला खाच आणि झाकण म्हणजे चक्क जॉकीची टोपी! खेळांची नक्षी असलेलं टेबलावरचं जुनं सामान मी जमवतो, त्यामुळे ती हातातून ठेववेना.

घरच्यांचा पहिला प्रश्न, "चांदीची आहे का हो?"

चांदी आहे, पण फक्त वरचा थर. तळाशी ई.पी.एन.एस. अशी इंग्रजी अक्षरं होती. म्हणजे आत तांबं, जस्त आणि निकेल, आपलं जर्मन सिल्व्हर. त्यावर विजेच्या साहाय्याने चांदी चढवायची. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये या कृतीचं पेटंट घेतलं आणि चांदीचा थाट मध्यमवर्गाच्या टेबलावर आला.

व्हिक्टोरियाच्या काळात तर लाडका घोडा मेल्यावर त्याच्या खऱ्या खुराचीही दौत करत. आपली हिंगोली निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. घोडदळाच्या साहेबांना शर्यती, पोलो, शिकार यांचं वेड असे. म्हणून मराठवाड्यात अशी वस्तू दिसली की मी थांबतोच.

एक कळकळीची विनंती. राखेने, चिंचेने किंवा टूथपेस्टने घासू नका. थर फार पातळ असतो, उंचवट्यांवरून आधी जातो. मऊ सुती कापड पुरे. नव्याने मुलामाही देऊ नका, जुनेपण जातं आणि किंमतही उतरते.

तुमच्या घरी असं काही असेल तर तळाच्या शिक्क्याचा फोटो टाका. जमेल तेवढं नक्की सांगेन.