क्रमांक आणि कोपर

न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटर या गावी काही उन्हाळ्यांपूर्वी मी पहिल्यांदा मैदानावर बसून बेसबॉलचा सामना पाहिला. लेक तिथून जवळच राहते. सॉमरसेट पेट्रियट्स हा तिथला संघ न्यूयॉर्क यांकीज या बड्या क्लबच्या हाताखालचा. शेजारी अकरा वर्षांचा नातू बसला होता आणि त्याच्या मांडीवर छापलेला एक कागद होता : यांकीजच्या होतकरू खेळाडूंची क्रमवार यादी. नवा खेळाडू मैदानात उतरला की तो कागदावर बोट ठेवून सांगायचा, ‘‘आजोबा, हा सातवा. हा एकविसावा. हा यादीतच नाही.’’

त्या संध्याकाळी पिचर म्हणून उभा असलेला उंच मुलगा यादीत बराच वर होता. चौथ्या डावात एक चेंडू टाकल्यावर त्यानं हात झटकला, मग बोटं उघडून-मिटून पाहिली. आतून दोन माणसं आली, काहीतरी बोलणं झालं आणि तिघंही खाली बघत चालत आत गेले. टाळ्या वाजल्या. नातवानं कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘आता ह्याचा नंबर कितवा होणार?’’

मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. परतल्यावर जे वाचलं आणि पडताळलं, ते इथे मांडतो आहे.

●

आधी रचना समजून घेऊ. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये तीस क्लब आहेत. २०२१ पासून प्रत्येक क्लबच्या हाताखाली चार संघ असतात. तळाला सिंगल-ए, मग हाय-ए, डबल-ए आणि शेवटची पायरी ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२० संघ, आणि त्यांच्याही खाली फ्लोरिडा, ॲरिझोना व डोमिनिकन रिपब्लिकमधले अगदी नवख्यांचे संघ. वरच्या संघात एका वेळी फक्त सव्वीस जणांना जागा असते. उरलेले सगळे मायनर लीगमध्ये, बसनं गावोगाव फिरत, वाट पाहत.

त्यांचं पोट कशावर चालतं? २०२२ पर्यंत ट्रिपल-एमध्ये वर्षाला किमान १७,५०० डॉलर मिळत आणि तळाच्या संघात ४,८००. संघटना झाल्यावर २०२३ च्या करारात हे आकडे ३५,८०० आणि १९,८०० वर गेले. पण ज्या मुलाला क्लबांच्या वार्षिक निवडीत म्हणजे ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळतो, त्याला करारावर सही करतानाच लाखो डॉलर मिळतात. वरच्या क्रमांकाच्या मुलाला क्लब जास्त संधी देतो, जास्त दिवस सांभाळून घेतो. इथे क्रमांकावर संसार उभा राहतो.

याद्या करतात ते बहुतेक बाहेरचे लोक. ‘बेसबॉल अमेरिका’ हे नियतकालिक १९८१ साली सुरू झालं आणि १९९० पासून ते दर वर्षी सर्व क्लबांमधून निवडलेल्या शंभर होतकरूंची यादी छापतं. प्रत्येक क्लबच्या वेगळ्या याद्याही निघतात. त्यामागे स्काउट मंडळींची एक जुनी मोजपट्टी आहे, वीस ते ऐंशीची. मेजर लीगमधली सरासरी म्हणजे पन्नास; साठ म्हणजे सरासरीहून एक प्रमाण विचलन वर, आणि ऐंशी म्हणजे तीन. पिचरच्या वेगवान चेंडूला, वळणाऱ्या चेंडूला, हळू टाकून फसवणाऱ्या चेंडूला आणि अचूकतेला असे वेगवेगळे गुण देतात. माझ्यासारख्याला ही पट्टी पाहून आनंदच झाला. पण ती आज दिसणारं कसब मोजते, आणि यादी सांगू पाहते ती पाच वर्षांनंतरची गोष्ट. मधल्या पाच वर्षांत त्या मुलाचं कोपर आहे.

पहिल्या तीन वर्षांच्या याद्यांमध्ये अग्रस्थानी कोण होतं पाहा. तिन्ही वेळा तरुण पिचर. १९९० चा स्टीव्ह ॲव्हरी अटलांटाकडून चमकला. १९९१ आणि १९९३ मध्ये त्यानं प्रत्येकी अठरा सामने जिंकले. १९९३ च्या सप्टेंबरात काखेजवळचा स्नायू दुखावला, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षीच त्याचा बहर ओसरला. १९९१ चा टॉड व्हॅन पॉपेल मेजर लीगमध्ये पोहोचला, पण जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले जास्त भरले. १९९२ चा ब्रायन टेलर तिथवर पोहोचलाच नाही.

●

फलंदाजांच्या तुलनेत पिचरचं भाकीत इतकं का फसतं, हे समजायला कोपरापाशी जावं लागतं.

क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो आणि हात सरळ ठेवून फिरवतो. बेसबॉलचा पिचर उभ्या जागेवरून, एका पावलात, कोपर वाकवून साठ फूट सहा इंचांवर चेंडू फेकतो. पाय, कंबर, धड असा साठत आलेला जोर शेवटी खांद्यातून कोपरात येतो. पंजा क्षणभर मागे राहतो, कोपर पुढे निघालेलं असतं. त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडू पाहते आणि तिला धरून ठेवते ती दंडाच्या हाडाला हाताच्या हाडाशी बांधणारी एक छोटी पट्टी, लिगामेंट. आजूबाजूचे स्नायू थोडा भार उचलतात. ते थकले की सगळा भार या पट्टीवर येतो. स्नायू व्यायामानं जाड होतो. लिगामेंटला तशी वाढ फारशी नाही. मुलगा जितका ताकदवान होतो तितकी त्याची ताकद आणि ही पट्टी यांच्यातली तफावत वाढते.

१९७४ पर्यंत पट्टी तुटली की खेळ संपत असे. त्या वर्षी २५ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या एकतीस वर्षांच्या पिचरच्या उजव्या हातातली एक शीर काढून डाव्या कोपरात लिगामेंटच्या जागी बसवली. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्यानं १६४ सामने जिंकले. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. आज ती इतकी रुळली आहे की यादीतल्या मुलांच्या वर्णनात ‘टॉमी जॉन झालेला’ हे शब्द आपल्याकडच्या ‘दहावी झालेला’सारखे येतात.

●

एका क्लबच्या यादीचं काय होतं याचा सर्वांत बोलका दाखला न्यूयॉर्क मेट्सचा. १९९५ च्या सुमारास त्यांच्याकडे तीन तरुण पिचर होते : बिल पल्सिफर, जेसन इझ्रिंगहाउझन आणि १९९४ च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिला निवडला गेलेला पॉल विल्सन. वृत्तपत्रांनी त्यांना ‘जनरेशन के’ म्हटलं. बेसबॉलच्या टिपणवहीत ‘के’ म्हणजे बाद केलेला फलंदाज. पल्सिफरच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि १९९६ चा हंगाम गेला. विल्सननं त्याच वर्षी पदार्पण केलं आणि खांदा दुखावून पुढची काही वर्षं तो मेजर लीगमधून नाहीसा झाला. इझ्रिंगहाउझनवरही शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. ज्या तिघांवर क्लबनं दशकाची स्वप्नं रचली, ते तिघं मेट्सकडून एकदाही ओळीनं, एकापाठोपाठच्या सामन्यांत उतरले नाहीत. टिकला तो इझ्रिंगहाउझन. सामन्याच्या शेवटी थोडा वेळ येणारा पिचर म्हणून, दुसऱ्या क्लबांकडून. ड्राफ्टमध्ये तो चव्वेचाळिसाव्या फेरीत निवडला गेलेला होता.

यांकीजची गोष्ट याहून चटका लावणारी. ब्रायन टेलर नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टचा, गवंड्याचा मुलगा. १९९१ मध्ये तो ड्राफ्टमध्ये पहिला आला. क्लबनं आधी देऊ केलेले तीन लाख डॉलर त्याच्या आईनं नाकारले. व्हॅन पॉपेलला बारा लाख मिळतात तर माझ्या मुलाला कमी का, हा तिचा मुद्दा. अखेर साडेपंधरा लाखांवर सही झाली. दोन हंगाम तो उत्तम खेळला आणि डबल-एपर्यंत, म्हणजे ज्या पायरीवरचा सामना मी ब्रिजवॉटरला पाहिला तिथवर, पोहोचला. १९९३ च्या डिसेंबरात भावाच्या बाजूनं एका मारामारीत उतरला आणि चेंडू टाकण्याचा खांदा फाटला. शस्त्रक्रिया डॉ. जोब यांनीच केली. पूर्वीचा वेग कधी परतला नाही. इथे कोणत्याही स्काउटची चूक नव्हती, हेही नोंदवायला हवं.

त्याच वर्षांत, त्याच क्लबमध्ये, पनामातल्या एका कोळ्याचा सडपातळ मुलगा होता. १९९० मध्ये त्याला करारासाठी दोन-तीन हजार डॉलर मिळाले होते. १९९२ च्या ऑगस्टमध्ये त्याच्याही कोपरावर डॉ. जोब यांनी शस्त्रक्रिया केली. त्या नोव्हेंबरात दोन नवे क्लब स्थापन होत होते आणि जुन्या क्लबांनी राखून न ठेवलेल्या खेळाडूंतून त्यांना निवड करता येत होती. यांकीजनं या मुलाला राखून ठेवलं नाही, आणि नव्या क्लबांनीही त्याला उचललं नाही. त्याचं नाव मारियानो रिव्हेरा. पुढे त्यानं ६५२ सामने शेवटच्या डावात राखून दिले. तो विक्रम आहे. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी एकूण एक मतदारानं त्याला मत दिलं. असं त्याआधी कोणाच्याही बाबतीत घडलं नव्हतं.

मग वैद्यकीय तपासणी भरवशाची ठरते का? २०१४ मध्ये ब्रॅडी एकन हा शाळकरी डावखुरा ड्राफ्टमध्ये पहिला आला. ह्यूस्टन क्लबनं तपासणीत त्याच्या कोपराच्या लिगामेंटबद्दल शंका काढली आणि रक्कम घटवली. त्यानं सही केली नाही. पुढच्या मार्चमध्ये लिगामेंट तुटलं. तो मेजर लीगमध्ये पोहोचला नाही. भरपाई म्हणून मिळालेल्या निवडीत ह्यूस्टननं ॲलेक्स ब्रेगमन हा फलंदाज घेतला आणि दोन वर्षांत अजिंक्यपद जिंकलं. तेव्हा क्लबवर टीका करणारे बरेच होते. डॉक्टरांचं निदान खरं ठरलं, आणि मुलाचं नुकसान व्हायचं ते झालंच.

●

ही उदाहरणं दुर्दैवाची म्हणून सोडून देता आली असती. पण २०२४ च्या डिसेंबरात मेजर लीगनंच पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यातले आकडे सोडून देता येत नाहीत. २००८ मध्ये वेगवान चेंडूचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता. २०२४ मध्ये ९४.२, म्हणजे सुमारे १५२ किलोमीटर. मेजर आणि मायनर लीग मिळून टॉमी जॉन शस्त्रक्रिया २०१० मध्ये १०४ झाल्या होत्या. २०२४ मध्ये २८१. वेगाचा पाठलाग आणि प्रत्येक चेंडूला संपूर्ण ताकद लावणं, ही कारणं अहवालानं दिली.

इथे यादीचा संबंध येतो. हवामानखात्याच्या अंदाजानं पाऊस बदलत नाही. पण यादीत वर जायचं तर वेग लागतो हे पंधरा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. तो वेग वाढवतो, यादी त्याला वर चढवते, आणि ज्या गुणामुळे तो चढला तोच त्याचं कोपर झिजवतो. आपल्या देशातली गोष्ट घ्या. २००८ मध्ये भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन तरुण ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरट्सनी त्यांच्याशी करार केला. त्यांनी त्याआधी बेसबॉल खेळलेला नव्हता. स्पर्धेनं पाहिलं ते वेगानं आणि नेमका चेंडू फेकणारा हात. पटेल दोन वर्षांत परतला. सिंग सिंगल-एपर्यंत चढला, मग दुखापतींत त्याचे हंगाम गेले आणि शेवटी तो कुस्तीच्या करमणूक-धंद्यात गेला.

क्लबला हे परवडतं, आणि ते का हे माझ्या विषयातलं आहे. क्लबचा हिशेब सरासरीचा असतो. दहा पिचर घेतले आणि दोन टिकले तरी गणित जमतं, म्हणून शहाणा क्लब एकावर भिस्त न ठेवता पुष्कळ घेतो. मुलाकडे मात्र एकच हात असतो. दहापैकी दोन या संभाव्यतेला त्याच्या आयुष्यात अर्थ नसतो. त्याचं होतं तरी किंवा मोडतं तरी. यादी वाचणारे आपण नकळत क्लबच्या खुर्चीत बसून वाचतो.

मग याद्या करूच नयेत का? मला तसं वाटत नाही. त्या करणारे कष्टाळू लोक आहेत, आणि आता ‘बेसबॉल अमेरिका’ क्लबनिहाय याद्यांत गुणांबरोबर जोखमीची श्रेणीही छापते. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हे प्रामाणिक पाऊल आहे. मुलाचं भविष्य हा एक बिंदू नसून पसारा आहे, आणि पिचरचा पसारा फलंदाजाहून कितीतरी रुंद असतो. दोघांना एका ओळीत बाराव्या-तेराव्या जागी उभं केलं की हा फरक दिसेनासा होतो.

●

ब्रिजवॉटरच्या त्या मुलाच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, हे नातवानं मला फोनवर सांगितलं. पुढच्या वर्षीच्या कागदावर तो अकरा जागा खाली होता. त्याच्या पुढच्या कागदावर नव्हता.

नातू स्वतःही आता पिचर आहे. त्या वयाच्या मुलांसाठी मेजर लीगनं २०१४ मध्ये मर्यादा आखून दिल्या : अकरा-बारा वर्षांच्या मुलानं दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि मधे विश्रांतीचे दिवस पाळावेत. वाढदिवसाला त्यानं माझ्याकडे वेग मोजायची गन मागितली. मी चेंडू मोजायचं, अंगठ्यानं दाबायचं छोटं यंत्र पाठवलं. त्यानं फोनवर आभार मानले. आवाजावरून तो खूश नव्हता. मग त्यानं विचारलं, ‘‘आजोबा, गन पुढच्या वर्षी?’’