पहाटेचं धावणं

पहाट झाली की आपल्या नांदेड-लातूरकडे गावोगावच्या वाटांवर पोरं पळताना दिसतात. मुखेड असो, कंधार असो, औसा असो की निलंगा. पोरीही पळतात. कुणाला पोलीस व्हायचं असतं, कुणाला सैन्यात जायचं असतं.

पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर धावावे लागते, मुलींना 800 मीटर. म्हणजे 400 मीटरच्या मैदानाला मुलांच्या चार फेऱ्या, मुलींच्या दोन. त्याला 20 गुण असतात. 100 मीटर धावणे आणि गोळाफेक यांचे 15-15 गुण. मैदानाचे सगळे मिळून 50 गुण झाले. त्यातले निम्मे मिळाले नाहीत, तर लेखी परीक्षेला बसता येत नाही. पुस्तक पाठ असले, तरी पाय मागे पडले की घरी परतावे लागते.

हे पोरांना ठाऊक आहे. तरी पहाटे अंथरूण सुटत नाही. असे का होते?

रात्री आपण ठरवतो, "उद्या उठायचंच." तेव्हा आपण पुरते जागे असतो. पहाटे आपण अर्धे झोपेत असतो. अंग आखडलेले असते. नोकरी लांब असते आणि गोधडी अंगावर असते. मग मन म्हणते, "आज राहू दे, उद्यापासून जाऊ." म्हणून पहाटे मनाला विचारूच नये. सगळी तयारी रात्रीच करून ठेवावी.

ती कशी करावी? आम्ही साधे उपाय सांगतो.

रात्री लवकर निजावे. बारापर्यंत मोबाईल पाहिला, तर पहाटे डोळे उघडत नाहीत. पळायचे कपडे आणि बूट उशाशी काढून ठेवावेत. गजर लावलेला मोबाईल हाताशी ठेवू नये, दूरच्या कोनाड्यात ठेवावा. तो बंद करायला उठावेच लागते.

एकट्याने जाण्यापेक्षा सोबती धरावा. सोबती दारात उभा आहे म्हटल्यावर माणूस उठतोच. एकाला कंटाळा आला, तर दुसरा ओढून नेतो.

पहिल्याच दिवशी फार पळू नये. छाती भरून येते, पोटऱ्या दुखतात, आणि दुसऱ्या दिवशी नको वाटते. आधी भरभर चालावे, मग थोडे पळावे, पुन्हा चालावे. आठवड्या-आठवड्याने पळणे वाढवावे. थेंबे थेंबे तळे साचे. पळून आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी. खुणांची रांग वाढली, की ती मोडावीशी वाटत नाही. एखादा दिवस चुकलाच, तर दुसरा चुकवू नये.

आपल्याच मराठवाड्यातले उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. अविनाश साबळे तिथला. आईवडील वीटभट्टीवर राबले. शाळा काही कोस दूर, म्हणून पोरगा चालत-पळत शाळेला जाई. बारावीनंतर तो सैन्यात गेला. सियाचीनच्या बर्फातही त्याने नोकरी केली. शर्यतीचे पळणे त्याने सैन्यातच सुरू केले. त्याची शर्यत 3000 मीटरची. तिच्यात 28 वेळा अडथळा ओलांडायचा आणि 7 वेळा पाण्यावरून उडी घ्यायची. 2022 साली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले. 2023 साली चीनमध्ये आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. हे एका पहाटेत झाले नाही. वर्षानुवर्षे तो रोज पळत राहिला.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मोठ्या रस्त्यावर अंधारात पळू नका. 2025 च्या जानेवारीत बीड-परळी रस्त्यावर भरतीसाठी पळणारी तीन तरुण पोरं वाहनाच्या धडकेने गेली. तीन घरांचा आधार गेला. नोकरी महत्त्वाची खरी, पण जीव राहिला तर नोकरी. शाळेचे मैदान किंवा गावातली मोकळी जागा बघावी. रस्त्यावर जावेच लागले, तर उजवीकडून पळावे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंगात पांढरे कपडे असावेत. कानात गाणी लावू नयेत. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

वडीलधारी मंडळी म्हणतील, "आम्ही रानात राबतो, आम्हाला कशाला पळणं?" राबणाऱ्याला वेगळे पळायला नको, हे खरे. पण ज्यांचे बसून काम आहे, त्यांनी तरी रोज अर्धा तास भरभर चालावे. आठवड्यातून पाच दिवस चालले, तरी अडीच तास भरतात. मोठ्या माणसाला एवढे तरी हवे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि आईबापांनो, तुमच्या हातीही काही आहे. मुलगी पळायला निघाली की तिला झाडलोट आणि पाण्याला जुंपू नका. ते काम तिच्या भावाने थोडे वाटून घ्यावे. एकटीला पाठवायची भीती वाटते ना? मग चार मुलींचा गट करा. एखादी आई मैदानाच्या कडेला उभी राहील. तिचेही चालणे होईल.

भरतीत जागा थोड्या आणि उमेदवार फार असतात. पळणाऱ्या सगळ्यांनाच नोकरी लागत नाही. पण कमावलेले अंग आणि पहाटे उठायची सवय आपल्याजवळच राहते. तेव्हा आज रात्री बूट उशाशी ठेवा, आणि सोबत्याला सांगून ठेवा, "सकाळी हाक मार."