‘ही गो’ की ‘ही गोज’? मुलांच्या इंग्रजी उजळणीला मराठीचाच आधार घ्या

तिसरी-चौथीतल्या मुलाची इंग्रजीची वही उघडा. लाल शाई बहुतेक त्याच त्या चार-पाच जागी दिसेल. परीक्षा जवळ आली की घरोघरी नाउन-व्हर्बच्या व्याख्यांची घोकंपट्टी सुरू होते, पण व्याख्या तोंडपाठ असलेलं मूलही ‘ही गो टू स्कूल’ लिहून येतं. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं, तरी या चुका हटलेल्या नाहीत. त्या दर वेळी निष्काळजीपणाच्या नसतात. मूल मराठीची सवय इंग्रजीत नेत असतं.

‘एस’ नेमका कुणाला?

मराठीत मी जातो, तू जातोस, ते जातात असं क्रियापद सारखं बदलतं. इंग्रजीत रोजची गोष्ट सांगताना ते फक्त ही, शी, इट किंवा एकट्या नावापुढे बदलतं आणि ‘एस’ घेतं. गोंधळ होतो तो इथे, कारण अनेकवचनालाही ‘एस’च लागतो. मग मूल ‘द बॉइज रन्स’ लिहितं. त्याला सी-सॉ आठवायला सांगा. ‘द बॉय रन्स’मध्ये एस क्रियापदाकडे, ‘द बॉइज रन’मध्ये नामाकडे. (‘चिल्ड्रन’सारख्या शब्दांना मुळात एस नाही, ते वेगळे पाठ करावे लागतात.) प्रश्न विचारताना हाच एस ‘डज’मध्ये जाऊन बसतो, म्हणून ‘डज शी लाइक मँगोज?’ यात ‘लाइक’ मोकळा राहतो.

‘अ’ की ‘अ‍ॅन’?

ए, इ, आय, ओ, यू असली की ‘अ‍ॅन’, हा नियम अर्धाच आहे. खरा निकष उच्चाराचा. त्यासाठी मराठी मुलांकडे एक फायदा आहे, जो कुणी वापरत नाही: शब्द देवनागरीत लिहून बघायचा. ‘अवर’ म्हणजे तास, स्पेलिंग एचने सुरू होतं, पण देवनागरीत पहिला स्वर, म्हणून अ‍ॅन अवर. ‘युनिफॉर्म’ य या व्यंजनाने सुरू होतो, म्हणून अ युनिफॉर्म. ‘एमएलए’ला अ‍ॅन, ‘वन-वे रोड’ला अ.

वर लटकणारा स्वल्पविराम

अ‍ॅपॉस्ट्रॉफीला मुलं घाबरतात, आणि मोठेही. दुकानांच्या पाट्या पाहा, साध्या अनेकवचनालाही तो चिकटवलेला सापडतो. रवीचं दप्तर, आईचा फोन अशी मालकी सांगताना नावाला चा-ची-चे लागत असेल, तर चिन्ह हवं. नुसतेच दोन फोन असतील, तर नको. ‘इट्स’ मात्र दोन आहेत. जिथे ‘इट इज’ म्हणून वाक्य चालतं, तिथे चिन्ह द्यायचं. ‘त्याची शेपटी’ या अर्थाने असेल, तर नाही, कारण हिज आणि हर यांनाही ते नसतं.

कॅपिटल आणि पूर्णविराम

देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे कॅपिटल विसरणं साहजिक आहे. वाक्याचं पहिलं अक्षर, माणसाचं व गावाचं नाव, वार, महिना आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ एवढं पक्कं झालं तरी पुष्कळ. ऋतूंना कॅपिटल लागत नाही. विरामचिन्हं तर आपल्याकडेही जुनी नाहीत: ती मराठीत रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. ‘अँड’ लावत पानभर लांबणाऱ्या वाक्यावर उपाय सोपा आहे. मुलाला ते मोठ्याने वाचायला लावा. एक गोष्ट सांगून संपली, तिथे पूर्णविराम.

घरी किती वेळ?

दहा मिनिटं पुरेत. नवं गाइड आणू नका, मुलाचीच जुनी वही घ्या. सोमवारी फक्त ‘एस’ शोधायचा, मंगळवारी फक्त कॅपिटल. त्या दिवशी बाकीच्या चुका दिसल्या तरी बोट ठेवू नका. पेन्सिल मुलाच्या हातात द्या आणि चूक त्यालाच सापडू द्या. एखाद्या दिवशी तुम्ही मुद्दाम चुकीचं वाक्य लिहा. आईबाबांची चूक काढायला मुलं भलतीच उत्सुक असतात.