मत्स्यालयाचा तळ

पनवेलसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरात दिवाणखान्यात एक काचपेटी, तिच्यात हिरव्या पाणवनस्पती आणि त्यांतून विहरणारे दहा-पाच मासे, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. पेटी घेताना काचेची जाडी, दिव्याचा प्रकाश आणि माशांच्या जाती यांची चौकशी कसून केली जाते. तळाशी काय घालावे, हा प्रश्न मात्र बहुधा सर्वांत शेवटी निघतो आणि दुकानातील रंगीत खड्यांची पिशवी नजरेस पडली की तेथेच संपतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी पाने पिवळी पडू लागतात, मुळे कुजतात, आणि दोष पाण्याला दिला जातो. वास्तविक पाणी बदलता येते, दिवा बदलता येतो, वनस्पतीही बदलता येतात. पण तळ बदलायचा झाल्यास मांडलेला सारा संसार उपसून काढावा लागतो. म्हणून शेवटी सुचणारी ही गोष्ट आधी ठरवणे इष्ट होय.

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. काचेच्या पात्राच्या तळाशी त्याने वाळू व चिखल पसरला, त्यात व्हॅलिस्नेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती लावली आणि पाण्यात सोनेरी मासे सोडले. जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजके खाऊन पात्र स्वच्छ राखले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांनी एकमेकांस जगवावे, ही कल्पना येथे सिद्ध झाली. या व्यवस्थेचा पाया साधा चिखल होता, ही गोष्ट पुढे रंगीत खड्यांच्या काळात विसरली गेली. अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मातीच्या तळाचे शास्त्र सविस्तर मांडले, तेव्हापासून तिला पुन्हा मान मिळू लागला.

पनवेलच्या रहिवाशास हे शास्त्र समजण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. तालुक्यात अद्याप शिल्लक असलेले कोणतेही भातखाचर हे पाणवनस्पतींच्या तळाचे उत्तम उदाहरण आहे. चिखलणीनंतर खाचरात पाणी उभे राहिले म्हणजे मातीच्या अगदी वरच्या पातळ थरालाच प्राणवायू मिळतो. त्याखाली तो लवकरच संपतो. अशा स्थितीत मातीतील लोह विरघळू लागते, त्याच्याशी जखडलेला स्फुरद मोकळा होतो आणि आम्ल माती काही आठवड्यांत उदासीनतेकडे झुकते. मग या प्राणवायूहीन चिखलात मूळ गुदमरत कसे नाही? भाताचे रोप आपल्या पोकळ देठांतून प्राणवायू खाली नेऊन मुळांभोवती सोडते. रोप उपटून पाहिल्यास मुळांवर तांबूस लेप दिसतो. तो या प्राणवायूने पुन्हा घट्ट झालेल्या लोहाचा असतो. काचपेटीच्या तळाशी हीच क्रिया लहान प्रमाणावर चालते. पेटीचा तळ ही एक शेतजमीन आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते.

शेतकरी पिकाकडे पाहून जमीन ठरवतो, तसा येथेही पहिला प्रश्न वनस्पतींचा आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणाऱ्या क्रिप्टोकोरिनच्या जाती, तसेच व्हॅलिस्नेरिया यांचे पोषण मुख्यतः मुळांतून होते. त्यांना कसदार तळ हवा. हायड्रिला पाण्यातूनही पुष्कळ अन्न घेते, आणि सेराटोफायलमला तर मुळेच नसतात. ॲन्युबियास व जावा फर्न या वनस्पती दगडाला किंवा लाकडाला बांधूनच वाढवाव्या लागतात. त्यांचे खोड मातीत पुरले तर कुजते. केवळ अशाच वनस्पती ठेवायच्या असतील, तर धुतलेली वाळूही पुरे; तेथे मातीचा खटाटोप व्यर्थ होय.

आता परिसरात मिळणाऱ्या पदार्थांचा विचार करू जाता, खाडीची रेती प्रथमच वगळावी. तिच्यात मीठ असते आणि शिंपल्यांचा चुराही असतो. मीठ धुऊन जाते. शिंपल्यांचा चुना मात्र हळूहळू विरघळून पाणी जड करीत राहतो. कोणत्याही वाळूची परीक्षा घरी करता येते: चमचाभर कोरड्या वाळूवर शिरका किंवा लिंबाचा रस टाकावा, बुडबुडे उठल्यास तीत चुना आहे असे समजावे. शिवाय नदी-खाडीतून परवान्यावाचून रेती काढणे हा गुन्हा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची बारीक खडी पाण्याचा गुणधर्म फारसा बदलत नाही. परंतु तिच्या धारदार कडांनी तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात, आणि तिच्यात पोषणही नसते. वर पसरण्यासाठी १ ते ३ मिलिमीटरचे, गोल कडांचे खडे सर्वांत सोयीचे. त्याहून बारीक वाळू घट्ट दबते, तर जाड खड्यांच्या फटींत माशांचे उरलेले अन्न अडकून कुजते.

जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह विपुल असते, पण अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची तिची शक्ती अल्प असते. म्हणून ती मूठभर मिसळण्यापुरतीच योग्य. ती माथेरानच्या माथ्यावर दिसते, याचा अर्थ ती तेथून आणावी असा नव्हे. माथेरान व कर्नाळा ही ठिकाणे संरक्षित आहेत. वडाळे किंवा कृष्णाळे तलावाचा गाळही टाळावा, कारण शहरातील तलावाच्या गाळात शहराचे सारेच साचते. तळोजे औद्योगिक वसाहतीजवळून वाहणाऱ्या कासाडीच्या काठची माती त्याहून वर्ज्य. खाडीलगतच्या खारजमिनी क्षारयुक्त असतात, आणि जेथे राब भाजला जातो तेथील मातीत राख मिसळलेली असते. राहता राहिली ती उंचावरील खाचराची किंवा बांधाजवळची, अलीकडे खत व औषध न पडलेली चिकण माती. मालकाच्या संमतीने तिची एक बादली मिळाली तरी लहान पेटीचे काम भागते.

बाजारात मिळणारी भाजलेल्या ज्वालामुखीय मातीची जपानी दाणेदार माती ही वाईट वस्तू नव्हे. ती पाणी मृदू व किंचित आम्ल राखते, आणि तिचे दाणे हाताळण्यास सोयीचे असतात. परंतु ती महाग असते, काही वर्षांनी तिचा कस उतरतो आणि दाणे भुगा होऊ लागतात. ज्यास वेळ कमी व पैसा अधिक, त्याने ती खुशाल घ्यावी.

मातीचा तळ घालण्याची रीत अशी: माती वाळवून, फोडून, चाळणीने चाळावी आणि काडीकचरा काढून टाकावा. नंतर ती भिजवून वरचे पाणी ओतून द्यावे व उन्हात वाळवावी. असे तीन-चार वेळा केल्याने तिच्यातील सहज कुजणारा अंश बराच कमी होतो. शेणखत मिसळण्याचा मोह आवरावा. ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद पेटीत मातीचा ३ सेंटिमीटरचा थर देण्यास सुमारे साडेपाच लिटर माती लागते. त्यावर तेवढ्याच जाडीचा खड्यांचा थर द्यावा. मातीचा थर याहून फार जाड झाल्यास आत दुर्गंधी वायू साचतो. पेटी भरताना तळावर बशी ठेवून तिच्यावर पाण्याची धार सोडावी, म्हणजे माती उसळत नाही. आणि पहिल्याच दिवशी भरपूर रोपे लावावीत, कारण तळाला प्राणवायू पोचवणारी मुळेच होत.

यापुढील काम केवळ थांबण्याचे असते, आणि बहुतेक मत्स्यालये तेथेच फसतात. भिजलेल्या मातीतून प्रथम अमोनिया सुटतो. पाणी उष्ण व अल्कधर्मी असेल, तर तो अधिक विषारी ठरतो; कोकणातील उन्हाळा ध्यानात घेता ही गोष्ट क्षुल्लक नाही. सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग निरुपद्रवी-प्राय नायट्रेट करतात. परंतु हे जंतू वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत दर आठवड्यास थोडे पाणी बदलावे, आणि परीक्षाद्रवाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावाचून एकही मासा सोडू नये. घरातील मुले पहिल्याच संध्याकाळी मासे मागतात, आणि त्यांचे मन मोडवत नाही. पण चार दिवसांनी तेच मासे उताणे तरंगताना पाहणे त्यांस अधिक जड जाते. बी पेरल्यावर कणसाची वाट पाहावी लागते, हे त्यांना समजावून सांगण्यास याहून चांगली संधी मिळणार नाही.

काही वर्षांनी पेटी मोडावी लागली, तरी तिच्यातील मासे वा परदेशी वनस्पती तलावात किंवा गाढी नदीत सोडू नयेत. त्या तेथील मूळच्या जीवांना भारी पडतात. तळाची माती मात्र मुळीच वाया जात नाही. ती वाळवून तुळशीच्या कुंडीत घातली, तर तुळस जोमाने फोफावते.